सलग

फॉर्मवर सातवा रकाना होता : सलग क्षेत्र.
एकट्यानं माळ राखला तर एकरी इतके,
शेजाऱ्याशी जोडून राखला तर त्याच्या दीडपट.
वाचून दाखवणारा पोरगा बार्शीकडचा,
गुडघ्यावर टॅब, बुटांत कुसळं रुतलेली.
म्हणाला, काका, लांडग्याला गट नंबर कळत नाही.

मला कळतो.
गट दोनशे अठरा, माझा. नऊ एकर, निव्वळ मुरूम.
नांगर टेकवला की ठिणगी उडते.
गट दोनशे एकोणीस, गुरुपादप्पा हत्तुरे.
मधे बांध, बांधावर हिवर.
हिवर कुणाचा, एवढ्यावरून
अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या दारचं पाणी प्यालो नाही.
त्याचा बाप गेला तेव्हा मी
नान्नजच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो, मुद्दाम.

टॅबवर आमचे दोन माळ, दोन हिरवे तुकडे,
मधे नखानं ओढल्यासारखी पांढरी रेघ.
पोरगा म्हणाला, ही रेघ गेली की दीडपट.
रात्री मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला.
खोटं कशाला सांगू,
त्याच्या दारात मला त्या गुणाकारानंच नेलं.

'बर्री,' म्हणाला, भिंतीकडं बघत.
चन्नव्वानं चहा ठेवला, कपाची कड उडालेली.
त्याच्या खिशातही एक कागद होता,
त्याच्याही कागदावर तोच आकडा.
आम्ही दोघं एकदम हसलो
आणि लगेच थांबलो.

अटी साध्या होत्या.
नांगर नको, जाळ नको, तारेचं कुंपण नको.
आषाढापासून दिवाळीपर्यंत चराई नको,
पवन्याला बी धरू द्यायचं.
काही न करण्याचे पैसे, म्हणून गाव हसलं.
काही न करणं किती अवघड असतं
ते माळावर रिकाम्या हातांनी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मार्गशीर्षात मादीनं बीळ केलं. कुठं?
त्याच हिवराखाली, बांधाच्या पोटात.
पिल्लं असली तर वरचे पैसे वेगळे.
बिळाचं तोंड माझ्या अंगाला, बूड त्याच्या.
दोन दिवस आम्ही पुन्हा बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी पहाटे तो दुर्बीण घेऊन आला,
पोराकडून मागून आणलेली.
चार, म्हणाला. आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.
काचेवर अजून त्याच्या श्वासाची वाफ होती.

मायप्पा शेंडगेचं मात्र कुठंच बसेना.
त्याची मेंढरं ह्याच माळावर वाढली, त्याच्या आज्याचीसुद्धा.
सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही,
म्हणून फॉर्मवरही नाही.
त्यात दोन कोकरं गेली.
पंचनाम्याला फोटो मागितला,
तर त्यानं नुसती घंटा पुढं केली, गळ्यातली, दोरा तुटलेली.
शिवी दिली नाही. म्हणाला,
पोटुशी होती ती, तिला पळवत नव्हतं.
तुम्हाला ती राखायचे पैसे,
मी तिला आजवर फुकटच राखली की.

गुरुपादप्पानं फॉर्म उलटा केला,
पाठीमागं बॉलपेननं लिहिलं :
राखणदार, मायप्पा शेंडगे, हिस्सा तिसरा.
खाली त्याची सही, माझी सही.
पोरगा म्हणाला, असा रकाना नाही, मंजूर होईल का सांगता येत नाही.
आम्ही म्हणालो, टॅबला दाखवू नको, साहेबाला दाखव.

पहिला हप्ता आला. दुसरा अजून यायचाय.
मायप्पाचं उत्तर आलेलं नाही,
तोवर आम्ही आमच्यातलं काढून देतो,
कधी पुरं, कधी थोडं कमी.

बांध आता दिसत नाही,
दोन्हीकडचं गवत त्याच्यावर वाकलंय.
संध्याकाळी ती तिकडून निघते, इकडं येते,
मधे कुठंही थबकत नाही.
हिवर कुणाचा ते ठरलं नाही.
गुरुपादप्पा अजून 'बर्री' म्हणतो
भिंतीकडं बघूनच.
पण चहाचा कप बदललाय.